आदल्या दिवशीचं विमान

सिडको, छत्रपती संभाजीनगर
३ जानेवारी २०२५

प्रिय फहमिदा,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत.

फोनवर बोलायचं म्हणजे मला आता स्पीकर लावावा लागतो. कानातल्या मशीनमध्ये फोनचा आवाज नीट शिरतच नाही. आणि स्पीकर लावला की तू काय बोललीस ते मी सोडून घरातल्या सगळ्यांना कळतं. परवा तू म्हणालीस ना, ‘तुझा बद्री मुलगा आहे की जमादार?’ ते सूनबाईनं स्वयंपाकघरातनं ऐकलं. दोन दिवस भाजीत मीठ कमी. आपण दोघींनी टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजच्या बोर्डावर जन्मभर परक्यांची बोलणी जोडली आणि कानाआड केली. आता आपली बोलणी लोक ऐकतात. म्हणून हे पत्र. ते तरी माझ्या एकटीचं राहील.

जहाजाचं पक्कं झालं! दोघींची मिळून एक खोली, तिला गोल खिडकी. सतरा फेब्रुवारीला संध्याकाळी मुंबईहून सुटायचं, लक्षद्वीप बघून परत मुंबई. रिटायर झाल्यावर जायचं म्हणून ठरवलं होतं आपण. मग ह्यांना पॅरालिसिस झाला, मग कोरोना, मग हे गेले. मध्ये तुझे गुडघे. आता काहीही आडवं आलं तरी मी निघणार.

बद्रीनं माझं विमान सोळाचं काढलंय, तू सांगितलं होतंस तसंच. तू कशी येतेस ते लिही. मी विमानात कधी एकटी बसलेले नाही, हे तुलाच सांगते. घरात कुणाला सांगितलं नाही.

तुझी
आशा


मलकपेट, हैदराबाद
९ जानेवारी २०२५

प्यारी आशा,

पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा गयास म्हणाला, ‘अम्मी, कोर्टाचा समन्स तर नाही?’ आईला पत्र येतं म्हणजे समन्सच यायला पाहिजे असं आजकालच्या मुलांना वाटतं. त्यानं उलटसुलट करून बघितलं. त्याला मराठी वाचता येत नाही, खुदाचा शुक्र. कन्नड गावच्या शाळेत ज्या गुरुजींनी मला छड्या मारून मराठी शिकवली त्यांना जन्नत मिळो.

आता कामाचं ऐक. जहाज संध्याकाळी सुटतं म्हणजे आपण संध्याकाळी पोचायचं, असं नसतं. बंदराचं दार दुपारीच बंद करतात. सामान तपासायचं, ओळखपत्र दाखवायचं, रांगा. उशीर झाला तर कप्तान काय आपला जावई लागत नाही थांबायला. म्हणून त्याच दिवसाचं विमान बिल्कुल धरायचं नाही. तुझ्या चिकलठाण्याहून मुंबईला विमानं मोजकी. थंडीत तिकडं उत्तरेला धुकं पडतं, विमान तिकडंच अडकतं आणि आपण इकडं आभाळाकडं बघत बसतो. इथल्या एका बाईंचं असंच झालं. त्या बंदरावर पोचल्या तेव्हा जहाज समुद्रात बोटभर दिसत होतं.

म्हणून दोघींनी सोळाला दुपारी मुंबईत उतरायचं. जी आधी येईल तिनं बाहेरच्या दारापाशी थांबायचं. बंदराजवळ मी एक साधं लॉज बघून ठेवलंय. औषधं आणि तुझ्या मशीनच्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. संध्याकाळी खाऊ, फिरू, सकाळी आरामात बंदरावर. तो एक दिवस वाया नाही, आशा. तो आपल्या सफरीचा पहिला दिवस.

आणि एक. नवीन वर्षाच्या फोटोत तुझ्या डाव्या हाताला पट्टा कसला?

फहमिदा


सिडको
१५ जानेवारी २०२५

प्रिय फहमिदा,

रागावशील म्हणून दोन दिवस लिहायचं टाळलं.

शेंद्र्याला कंपनीच्या जवळ बद्रीनं प्लॉटवर घर बांधलंय, ते तुला माहीत आहे. त्याची वास्तुशांत सोळा फेब्रुवारीला धरलीय. पत्रिकाही छापून झाल्या. मी म्हटलं, अरे माझं विमान त्याच दिवशी आहे. तर म्हणाला, ‘ते मी कालच बदललं. सतराला सकाळचं केलं. सकाळी बसलीस की दुपारी थेट बंदरावर.’ तिकीट त्याच्याच फोनवर असतं, मला दिसतसुद्धा नाही. तुझ्या धुक्याचं सांगितलं तर म्हणतो, ‘मावशींना काय, त्या कशालाही घाबरवतात.’

खरं सांगू, तो रडवेला झाला. आई नसताना घराची पूजा कशी करू म्हणाला. एकुलता एक आहे. मी हो म्हणून बसले. तू सोळाला ये, मी सतराला येते. बंदरावरच भेटू. बहुतेक वेळा विमानं वेळेवरच असतात, नाही का?

हाताचं काही नाही. बाथरूममध्ये घसरले होते.

आशा


मलकपेट
२० जानेवारी २०२५

श्रीमती आशाबाई यांस,

यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं. धुक्यावर ढकलू नये.

तुझं तिकीट तुला न विचारता बदललं, आणि तू मला विचारतेस विमानं वेळेवर असतात की नाही! विमान वेळेवर येईल ग. प्रश्न विमानाचा आहेच कुठं? एक्सचेंजमध्ये सुपरवायझरनं तुझी पाळी न सांगता बदलली होती, तेव्हा तू हेडसेट काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, ‘आधी विचारा, मग बसते.’ ती बाई कुठं गेली?

मी सोळालाच निघणार. तू आलीस तर दोघी, नाही आलीस तर एकटी. तुझ्या रिकाम्या पलंगावर मी माझे कपडे पसरीन आणि गोल खिडकीतनं मी एकटीच बघीन. तुला फोटो पाठवणार नाही.

फहमिदा शेख


सिडको
३० जानेवारी २०२५

आदरणीय फहमिदा मावशी,

सप्रेम नमस्कार. मी बद्रीनाथ. परवा मी फोन केला तेव्हा ‘तुझ्याशी बोलायला मला वेळ नाही’ म्हणून तुम्ही ठेवून दिलात. म्हणून लिहितो. हे आईला कळू देऊ नका.

तुमचं पत्र आल्यापासून आई बोलत नाही. जेवते, कपडे घडी करते आणि बाल्कनीत जाऊन बसते. तुम्ही काय लिहिलंत ते ती सांगत नाही.

आई बाथरूममध्ये घसरली नव्हती. डिसेंबरात ती औरंगपुऱ्यात भाजीला गेली होती. मागनं रिक्षा हॉर्न देत होती, आईला ऐकू आलं नाही. मनगटाचं हाड मोडलं. कुणीतरी तिच्या फोनवरनं मला लावला. मी शेंद्र्याला शिफ्टवर होतो. जालना रोडवर गाड्यांची ही गर्दी, मी गाडीत एकटाच मोठ्यानं रडत होतो. आई जिवंत आहे की नाही तेच त्या माणसानं नीट सांगितलं नव्हतं. बाबांना जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत, मावशी.

विमानतळावर सगळं लाउडस्पीकरवर सांगतात. गेट बदललं तर तिला कसं कळणार? जहाजावर काही झालं तर? तिनं जाऊच नये असं मला वाटतं, पण तोंडावर बोलायची हिंमत होत नाही. ती तुमचं ऐकते. तुमचीच तब्येत बरी नाही, जहाज रद्द करू, असं तुम्ही कळवलंत तर ती राहील. पुढं कधी मी स्वतः तुम्हा दोघींना घेऊन जाईन. एवढी कृपा करा.

आपला
बद्रीनाथ


मलकपेट
४ फेब्रुवारी २०२५

बेटा बद्री,

मी तुझा फोन ठेवला, ते बरोबर केलं नाही. तू वाईट मुलगा नाहीस. घाबरलेला आहेस. गाडीत रडलास हे वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पण खोटं मी लिहिणार नाही. माझी तब्येत उत्तम आहे.

तुझ्या आईला ऐकू कमी येतं, समजतं पूर्ण. विमानतळावर पाट्या असतात, तिला वाचता येतं. पाटी नाही समजली तर माणसं असतात, तिला बोलता येतं. तू तिच्या पोटात असताना ती रात्रपाळी करून पहाटे एकटी घरी जायची. तेव्हा तिला कुणी म्हणालं नाही की आशा, काही झालं तर? कारण तेव्हा सगळ्यांना तिच्या पगाराची गरज होती. आता गरज संपली आणि काळजी सुरू झाली.

घरात बसवलंस तर तिला रिक्षा धक्का मारणार नाही, हे अगदी खरं. पण तू पत्रात एवढं लिहिलंस, त्यात एक गोष्ट कुठंच नाही. आईला काय पाहिजे, हे तू तिला विचारलंस का?

तुझं पत्र आलं हे मी तिच्यापासून लपवणार नाही. माझ्यावर रागव. मला चालतं.

फहमिदा मावशी


मलकपेट
४ फेब्रुवारी २०२५

आशा,

बद्रीचं पत्र आलं. मनगटाचं कळलं.

मी तुला नको ते लिहिलं. मला वाटलं तू कच खाल्लीस. तू हाड मोडून घेऊन बसली होतीस आणि मी इथं हैदराबादेत बसून शेरे मारत होते. पण का नाही सांगितलंस ग? माझ्यापासून लपवायचं?

सतराला सकाळीच आलीस तरी चालेल. मी बंदराच्या दारात उभी राहते. दार लावायला लागले तर मध्ये पाय घालीन, गुडघा गेला तर गेला. तू फक्त ये.

फहमिदा


सिडको
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय फहमिदा,

स्पीड पोस्टानं टाकते, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल.

का सांगितलं नाही विचारतेस. हाड मोडल्यापासून घरात जो तो माझ्याशी हळू आणि गोड बोलायला लागला. मशीन लावून हळू बोललेलं काय डोंबल ऐकू येणार? भाजी बंद, बँक बंद, देवळातसुद्धा सोबत. तू एकटीच अशी होतीस जी माझ्यावर अजून ओरडत होतीस. तुलाही कळलं असतं तर तूही गोड झाली असतीस. मला ते नको होतं.

आता पुढचं. शनिवारी वास्तुशांतीचे गुरुजी आले होते. चहा देताना मी सहज म्हटलं, ‘सोळाच्या ऐवजी दुसरा मुहूर्त नव्हताच का?’ ते म्हणाले, ‘होता की वहिनी, तेवीसचा. तोच जास्त चांगला होता. पण बद्रीनाथराव म्हणाले, सोळाच पाहिजे.’

ते जाईपर्यंत मी थांबले. मग बद्रीला समोर बसवलं.

‘सोळाच का?’

खाली मान घालून म्हणाला, ‘आई, सोळाला ठेवलं तर तू जायचं रद्द करशील असं वाटलं. नाहीच केलंस तर, म्हणून तिकीटही बदलून ठेवलं.’

‘आणि सतराचं विमान चुकलं असतं तर?’

‘तर घरी आणलं असतं तुला.’

फहमिदा, त्यानं हे इतक्या मायेनं सांगितलं की माझा हात त्याच्या डोक्यावर जाणार होता. पण नाही नेला. मी म्हटलं, ‘बद्री, जाऊ नको असं तोंडावर म्हणायचं होतंस. मी ऐकलं नसतं, आपण भांडलो असतो, संध्याकाळी एकत्र जेवलो असतो. तू माझ्या पाठीमागं तारखा हलवल्यास. हाड मोडलं तेव्हा एवढं दुखलं नव्हतं.’ आणि सांगून टाकलं, मी सोळालाच जाणार. पूजा तेवीसला करायची तर कर, सोळाला करायची तर माझ्याशिवाय कर.

तो म्हणाला, पत्रिका वाटून झाल्यात, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांग, आई फिरायला गेलीय.

कन्नडहून आवडाबाई आल्यात, ह्यांची थोरली बहीण. त्यांच्यापुढं बद्री अजून मोठ्यानं बोलत नाही. तो तडक त्यांच्याकडं गेला, म्हणाला, ‘आत्या, तुम्हीच सांगा आईला.’ मला वाटलं, झालं, आता ह्या मला धुऊन काढणार. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘पूजेला नवरा-बायको बसत्यात रं. तुझी माय तशी बी बाजूलाच बसनार व्हती, मागं, भिताडाला टेकून. म्या बसते की तिच्या जागंवर.’

बद्री म्हणाला, ‘पण आत्या, लोक—’

‘लोकांचं नगं सांगू मला. लई वर्सं तिनं माझ्या भावाचं हागलं-मुतलं काढलं. तवा कोन आलं व्हतं रं तारीख बघून? तुमी बी नाय अन् म्या बी नाय. जाऊ दे तिला.’

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘पर दर्यात उतरू नको बाई. मला पवता येत नाय तुला काढाया.’

मी हसले आणि हसता हसता रडले. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी कधी धड दोन शब्द बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं एकटी कॅनॉटच्या बाजारात गेले. हो, रिक्षानंच. तिथं तिकीट काढणारं दुकान आहे. काउंटरवरची मुलगी विचारते, ‘आजी, सोबत कोण आहे?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही. तू जरा माझ्याकडं बघून बोल, म्हणजे मला कळेल.’ ती लगेच तशी बोलायला लागली. एवढंच सांगायचं असतं ग, आणि मी एवढी वर्षं लाजत होते. सोळाचं तिकीट कागदावर छापून घेतलं. ते माझ्या पर्समध्ये आहे. कुणाच्या फोनमध्ये नाही.

बद्री सध्या अबोल आहे. पण काल माझी बॅग माळ्यावरनं त्यानंच काढून दिली. पुसली आणि खोलीत आणून ठेवली.

बाहेरच्या दारापाशी थांब. पाय घालायची गरज पडणार नाही.

आशा


मुंबई, बंदरावरून
१७ फेब्रुवारी २०२५

चि. बद्री,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी सामान तपासून आत आलोय. बसायला खुर्च्या आहेत, पंखे आहेत. शेजारी फहमिदा मावशी डुलकी घेतायत. दाराबाहेर टपालपेटी दिसली होती. तिथवर जाऊन यायची परवानगी मी शिपायाकडनं काढून ठेवलीय.

सकाळी तुझा मेसेज वाचला. ‘आई, सतराचं विमान अगदी वेळेवर मुंबईत उतरलं. वास्तुशांतीला थांबून आली असतीस तरी जहाज मिळालं असतं.’

बरं झालं, वेळेवर आलं. त्यातनंही कुणी ना कुणी जहाजासाठी आलं असेल. आणि तू म्हणतोस ते खरं आहे. धुकं पडलं नाही, काही अडकलं नाही, मला जहाज मिळालं असतं. मावशींनी वाचून जीभ चावली. त्यांना वाटलं मला वाईट वाटेल.

मला वाईट वाटलं नाही, बद्री. मी परत एकदा ठरवायला बसले तरी सोळालाच निघेन. तू चुकलास म्हणून मी बरोबर ठरले, असा हा हिशोबच नाही. विमान वेळेवर येवो नाहीतर पडून राहो, मी कधी निघायचं ते मला विचारायचं होतं.

काल चिकलठाण्याला आमचं गेट खरंच बदललं. तुला हीच भीती होती ना? समोरचे लोक उठले, म्हणून मी पाटीकडं बघितलं. पाटीवर नवा आकडा होता. एका पोलीस बाईला दाखवून खात्री करून घेतली आणि चालत गेले. एवढंच झालं. खिडकीची जागा मिळाली. मुंबई आली तेव्हा खाली पाणीच पाणी. शेजारी कुणी ओळखीचं नाही याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

संध्याकाळी आम्ही दोघींनी रस्त्यावर उभं राहून पावभाजी खाल्ली. मावशींनी साडीवर सांडली. मग फिरत फिरत जहाज बघायला आलो. रस्त्यातनं नुसता वरचा मजला दिसत होता. त्याच वेळी तिकडं शेंद्र्याला तुमची पंगत बसली असेल. माझ्या मनात आलं तुमचं, नाही असं नाही. आत्यांनी व्हिडिओ पाठवलाय. सूनबाई हिरव्या साडीत छान दिसते. तू थकलेला दिसतोस. घर फार सुंदर बांधलंस, बाळा. आल्यावर मी दोन दिवस राहायला येईन आणि सगळ्या खोल्या तू मला हिंडून दाखवायच्या.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मलाही रस्ता ओलांडताना आता धडधडतं. मी दोन्हीकडं तीनतीनदा बघते. पण धडधडतं म्हणून माझा रस्ता मी तुझ्या हवाली करणार नाही. तुला भीती वाटली की मला सांग. मोठ्यानं सांग, माझ्याकडं बघून. मी ऐकून घेईन. मग जायचं का नाही ते मी ठरवीन.

आता माणसं उठायला लागलीत. मावशींना जागं केलं पाहिजे.

आपल्यात घरातनं निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तुला पाळण्यात ठेवून कामावर निघताना, तुझ्या बाबांना दवाखान्यात सोडून डबा आणायला निघताना, सगळा जन्म मी येते, येतेच म्हणत आले. काल दारात तू बॅग घेऊन उभा होतास, तेव्हाही सवयीनं तेच म्हणाले.

ते पुरतं खरं नव्हतं. म्हणून आता लिहिते.

जाते मी, बद्री.

आई